धाकट्याच्या छातीत हवा सापडली. ग्राउंड द्यायचं का नाही?

वाघ्याघेवडा
मंडळी, एरवी मी इथं शेतीच्या धाग्यांवरच पडीक असतो, आज वेगळ्या कारणासाठी लिहितोय. जरा पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

धाकटा भाऊ, वय २०, पोलीस भरतीची तयारी करतोय. उंच, काटक, अंगावर मांस म्हणून नाही. मागच्या मंगळवारी संध्याकाळी गोळाफेकीची प्रॅक्टिस करून आला आणि म्हणाला, छातीत मधोमध दुखतंय, श्वास ओढला की टोचतं. आई म्हणाली, गॅस झाला असंल, दुपारी धड जेवला नाहीस. ओवा, काळं मीठ, वर गरम पाणी. रात्री जेवायला बसला तर घास गिळताना दुखायला लागलं. आवाजही बदललेला, सर्दी झाल्यावर नाकातून बोलतात तसा. गावातल्या दवाखान्यात नेलं. तिथंही गॅसच. एक इंजेक्शन, दोन गोळ्या, "उद्या बरं वाटेल".

पहाटे साडेचारला त्यानंच मला उठवलं. "दादा, मान बघ." गळपट्टीच्या हाडाच्या वर दोन्ही बाजूंनी फुगलेलं. मी बोटानं दाबलं तर आत चरचर वाजलं. खोटं सांगत नाही, कातडीखाली कुणी चुरमुरे भरून ठेवलेत आणि मी ते दाबतोय असं वाटलं. हात आपोआप मागं आला.

तशीच गाडी काढून साताऱ्याला नेलं. ईसीजी, एक्स-रे, मग सीटी स्कॅन. डॉक्टर म्हणाले, हृदयाभोवती हवा साठलीये, फुफ्फुसातून गळलेली. नाव न्यूमोमीडियास्टिनम. मला वाटलं आता ऑपरेशन सांगतायत. तर सुई नाही, नळी नाही, काही नाही. दोन दिवस ऑक्सिजन लावून झोपवलं, दुखायच्या गोळ्या दिल्या आणि घरी सोडलं. एवढं दांडगं नाव आणि इलाज काय, तर पडून राहा.

आता मुद्दा. ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, सव्वा महिन्यावर आलंय. हा म्हणतो देणार. आई म्हणते, चुलीत गेली ती भरती. डॉक्टरांनी तीन आठवड्यांनी बोलावलंय, तोवर पळणं, वजन उचलणं सगळं बंद. कुणाच्या घरात असं झालंय का? परत होतं का हे?

कंदीपेढा
डोक्यात हवा गेलेली पोरं आमच्या गल्लीत पैशाला पासरी. छातीत गेलेला पहिलाच ऐकला.
(चेष्टा सोडा, काळजी घ्या. साताऱ्यात काही लागलं तर हाक मारा.)

माणदेशी_लका
लका मी पण भरतीचाच. गेल्या टायमाला दोन मार्कानं राहिलो. सव्वा महिना म्हंजी लई झाला की. बरा झाला तर देऊ द्या. वय निघून जातं, भरती दरसाल निघत नाय.

भडंग_स्पेशल
चुरमुरे नव्हे, भडंग म्हणा. चुरमुरा मऊ पडतो, आवाज भडंगाचा येतो.

कंदीपेढा
@भडंग_स्पेशल, आले सांगलीकर. पेशंट साताऱ्याचा आहे, उपमा साताऱ्याचीच राहणार.

आजी_ऑनलाइन
ओव्याला नावं ठेवू नका रे. चार पोरं वाढवली ओव्यावर. पण मान सुजली तेव्हा लगेच नेलंत हे शहाणपणाचं केलंत. आमच्या वेळी मानेला लेप लावून बसलो असतो.

छातीठोक
सांगलीत छातीचे पेशंट बघतो म्हणून लिहितो. ग्राउंड दे किंवा देऊ नको हे मी इथून सांगणार नाही. स्कॅन ज्यांनी पाहिलाय त्यांचं ऐका. पण झालं काय ते सांगता येईल.

आधी एक दुरुस्ती. 'हृदयाभोवती हवा' म्हटलं की लोकांना वाटतं हृदय फुग्यात जाऊन बसलं. तसं नाही. दोन फुफ्फुसांच्या मध्ये, छातीच्या हाडामागं एक जागा असते. हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या, श्वासनलिका, अन्ननलिका, सगळा ऐवज तिथं दाटीवाटीनं बसवलेला असतो. त्या सामानाच्या मधल्या फटींत हवा शिरली आहे. हृदयाला स्वतःची एक पिशवी असते, ही हवा तिच्या बाहेर आहे. पिशवीच्या आत हवा जाणं हा निराळा आणि फारच दुर्मीळ प्रकार. ती पिशवी ताणत नाही. आत हवा कोंडून दाब वाढला तर हृदयाला फुलायला जागा उरत नाही आणि हवा तातडीनं काढावी लागते. तुमच्या भावाचं ते नाही, असतं तर त्याला असा घरी सोडला नसता.

हवा आली कुठून? गोळा टाकताना पोरं श्वास कोंडून कुंथतात. घसा बंद, छाती आवळलेली, आतला दाब एकदम चढतो. फुफ्फुसात अगदी टोकाला हवेचे बारीक कप्पे असतात, कोट्यवधी. त्यातले काही फुटतात. सुटलेली हवा रक्तवाहिन्या आणि श्वासनलिकेच्या फांद्यांभोवती जे म्यानासारखं आवरण असतं, त्यातून मुळाकडं सरकत येते. तुम्ही शेतकरी आहात म्हणून सांगतो: पाटाला खेकड्यानं भोक पाडलं की पाणी बांधाच्या पोटातून कडेकडेनं जातं आणि भलत्याच सरीत निघतं, तसं. मध्यभागी आली की पुढं मानेत, कारण मान आणि छातीचा मधला भाग आतून एकमेकांना मोकळे आहेत. तुम्ही मान बघून घाबरलात, पण वर जायला ती वाट होती म्हणूनच आत दाब साठला नाही.

हे म्यानातून सरकणं मॅकलिन या कॅनडातल्या शास्त्रज्ञानं १९३९ मध्ये दाखवलं. त्याच वर्षी बाल्टिमोरच्या लुई हॅमननं धडधाकट माणसात आपोआप होणाऱ्या या प्रकाराचं वर्णन लिहिलं. स्टेथोस्कोप छातीवर ठेवला की हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर करकर ऐकू येते, पेशंटला डाव्या कुशीवर वळवलं की जास्त स्पष्ट. 'हॅमनची खूण' म्हणतात तिला. सगळ्यांत सापडतेच असं नाही. मला स्वतःला दोनदाच ऐकायला मिळाली आहे. नव्या कोल्हापुरी चपलेसारखा आवाज येतो.

आता दोन प्रश्न. भावाला दमा, खोकला, उलट्या असलं काही होतं का? आणि गांजा ओढतो का? राग मानू नका, हा प्रश्न विचारावाच लागतो. लांब झुरका घेऊन श्वास कोंडून ठेवायचा, हे या हवेचं एक नेहमीचं कारण आहे.

वाघ्याघेवडा
डॉक्टर, लई उपकार. इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. गांजा नाही हो, आमच्यात साधी सुपारी खाल्ली तरी आई लाटणं काढते. लहानपणी बाळदमा होता, तो कधीच गेला. पंधरा दिवस खोकला मात्र होता. मैदानावरची धूळ म्हणत होता.

भडंग_स्पेशल
कोल्हापुरी चप्पल! म्हणजे चुरमुरा सातारचा, भडंग सांगलीचं, चप्पल कोल्हापूरची. झाला पश्चिम महाराष्ट्र पुरा.

हिशेबनीस
सगळे टाळ्या वाजवतायत म्हणून मी उलटं विचारतो. शेवटी इलाज काय केला? झोपवलं. मग सीटी स्कॅन कशाला? एक्स-रेत हवा दिसली होती ना? ऑक्सिजनचं दोन दिवसांचं बिल वेगळं. पडून राहायला घरची बाज नव्हती का? मी कुणावर आरोप करत नाही, पण मागच्या वर्षी साध्या तापासाठी मी जे बिल भरलंय ते अजून पाकिटात ठेवलंय.

माणदेशी_लका
+१. पडून ऱ्हायचं पैसं.

छातीठोक
@हिशेबनीस, प्रश्न बरोबर आहे, चिडून विचारलात एवढंच. एक गोष्ट सांगतो.

अठराव्या शतकात हॉलंडच्या आरमाराचा एक बडा अधिकारी होता, वासेनार नावाचा. खाण्याचा भोक्ता. एकदा तडस लागेपर्यंत जेवला आणि मग पोट हलकं व्हावं म्हणून उलटीचं औषध घेतलं. उलटीच्या जोरात छातीत असं काही फाटलं की तो कळवळून पडला आणि दिवसाच्या आत गेला. बोर्हावे नावाच्या नामांकित वैद्यानं शव उघडलं तर छातीच्या पोकळीत अन्न, आणि घमघमाट कशाचा, तर भाजलेल्या बदकाचा. अन्ननलिका आडवी फाटली होती. बोर्हावेनं हे १७२४ मध्ये छापलं आणि तो आजार आजही त्याच्याच नावानं ओळखतात.

मुद्दा असा की अन्ननलिका फाटली तरी छातीच्या मध्यभागी हवाच दिसते, मान तशीच फुगते, गिळताना तसंच दुखतं. एका पेशंटला दोन दिवस झोपवायचं असतं आणि दुसऱ्याला काही तासांत ऑपरेशन टेबलावर घ्यायचं असतं. एक्स-रेवर दोघं सारखे दिसू शकतात. या पोराला गिळताना दुखत होतं. स्कॅन न करता 'घरी झोप' म्हणणारा डॉक्टर मला नको.

ऑक्सिजनचं म्हणाल तर कोंडलेल्या हवेत मुख्यतः नायट्रोजन असतो. जास्त ऑक्सिजन श्वासात दिला की रक्तातला नायट्रोजन कमी होतो आणि कोंडलेली हवा रक्तात लवकर शोषली जाते. सौम्य केसमध्ये त्याशिवायही भागतं, तिथं तुमचा मुद्दा अर्धा मान्य. दोन दिवस ठेवतात ते मुख्यतः हवा वाढत नाही ना, ताप येत नाही ना, हे बघायला.

हिशेबनीस
बदक पटलं. बिलाचं पाकीट तरीही फेकणार नाही.

कृष्णामाई
हा धागा वाचून अंगावर काटा आला, कारण माझं हेच झालं होतं आणि मला त्याचं नावही आत्ता कळतंय.

पहिलं बाळंतपण, माहेरी, मिरजेत. अकरा तास कळा. शेवटी शेवटी मी ओरडत होते, जोर काढत होते, मध्येच श्वास अडकत होता. मुलगी झाली, सगळे पेढ्यांच्या गडबडीत. तासाभरानं आईच्या लक्षात आलं की माझा चेहरा एका बाजूनं फुगलाय. डोळा बारीक झालेला. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या आणायला माणूस पळालासुद्धा. तेवढ्यात राऊंडला आलेल्या शिकाऊ डॉक्टरबाईंनी गालाला हात लावला आणि त्यांचा चेहराच बदलला. दाबलं की चरचर, ती मलाही कानात आतून ऐकू यायची. कूस बदलली तरी गळ्यापाशी वाजायचं. त्यांनी मोठ्या मॅडमना बोलावलं. एक्स-रे झाला, मग मला वेगळ्या खोलीत ठेवलं. चार दिवसांत चेहरा जागेवर आला. सासूबाई आजही सांगतात, मोहऱ्यांनी उतरलं.

दुसऱ्या वेळी मी पहिल्याच तपासणीला सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या काळजी करू नका, फक्त जोर लावताना श्वास कोंडायचा नाही. मुलगा नीट झाला, काही फुगलं नाही. म्हणजे वाघ्याघेवडा, परत होतंच असं नाही.

आजी_ऑनलाइन
@कृष्णामाई, सासूबाईंचं पण खोटं नाही गं, ओवाळायला मोहऱ्या शोधण्यात वेळ गेला नसता तर लवकर उतरलं असतं :)

सनईवाला
मी तीस वर्षं फुंकतोय. सनईत गाल फुगतात ते दिसतं, पण फुंक पोटातून येते, घशातून नाही. नवीन पोरांना हेच समजत नाही. गेल्या लग्नसराईत आमच्या ओळखीच्या बँडपथकात एक नवा पोरगा पिपाणीवर घेतला. सलग तीन वराती. तिसऱ्या वरातीत नवरदेवाचे मित्र "अजून एक, अजून एक" करत राहिले. रात्री पोराला छातीत दुखायला लागलं, सकाळी गळा फुगलेला. त्यालाही हवाच निघाली. आठ दिवसांत बरा झाला. आता झांज वाजवतो.

कंदीपेढा
बगाडाला, बैलगाडा शर्यतीला आमचे लोक ज्या बेंबीच्या देठापासून ओरडतात, त्यांना कसं होत नाही मग?

छातीठोक
@कंदीपेढा, होतं, ओरडूनही होतं. पण एकूणच हे प्रकरण दुर्मीळ, आणि बऱ्याच जणांचं कळतही नसेल. छाती दुखली, ओवा खाल्ला, चार दिवसांत हवा आपोआप जिरली. तरुणांत जास्त दिसतं त्याचं एक कारण असं मानतात की तरुणपणी छातीच्या मधल्या भागातलं बांधणीचं ऊतक सैल असतं, हवेला वाट सहज मिळते. वय वाढलं की तेच घट्ट होत जातं. उंच, सडपातळ मुलगे त्यात पुढं.

नीरा_काठ
माफ करा, पण सगळीकडं "झोपलं की बरं होतं" असा सूर लागलाय म्हणून लिहिते. २०२१ मध्ये माझे मामा कोविडनं आयसीयूत होते. नवव्या दिवशी अशीच मान फुगली. डॉक्टरांनी हाच शब्द सांगितला होता. आम्ही नेटवर वाचलं, आपोआप जातं, आणि निर्धास्त झालो. मामा परत आले नाहीत.

छातीठोक
@नीरा_काठ, वाईट वाटलं. आणि तुम्ही लिहिलंत ते योग्यच केलंत. शब्द एकच असला तरी आजार एक नव्हता. धडधाकट पोराचं फुफ्फुस एका ताणानं एका जागी गळतं आणि मिटतं. कोविडमध्ये अख्खं फुफ्फुसच आजारी होतं, तिथं हवा गळणं ही आतल्या नुकसानीची खूण होती. आयसीयूत आम्ही ती मान फुगलेली पाहिली की आमचेही चेहरे पडायचे.

म्हणून पुन्हा सांगतो. ताप, सतत उलट्या, धाप वाढत जाणं, रक्तदाब उतरणं, छातीला मार, यातलं काही असेल तर या धाग्यातली "झोपा, बरं होतं" ही वाक्यं तुमच्यासाठी नाहीत.

पोवईनाका_ते_पुणे
विमानप्रवास चालतो का? भाचा असाच बरा होऊन आलाय, पुढच्या आठवड्यात दिल्लीला इंटरव्ह्यू.

छातीठोक
आत्ता नको. वर गेलं की बाहेरचा दाब कमी होतो, कोंडलेली हवा फुगते. एक्स-रे स्वच्छ झाल्यावर डॉक्टरांना विचारून. रेल्वे आहे की.

कंदीपेढा
मग कासला पण नको का? आमचं अख्खं गाव फुलं बघायला वर जातं.

छातीठोक
:) विमानाच्या आतला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तितका ठेवतात. महाबळेश्वर १४०० मीटरच्या आत, कास त्याहून खाली. फुलं बघा. पण तारकर्लीला स्कुबा करायला निघाला असाल आणि पूर्वी असं काही झालेलं असेल, तर आधी छातीच्या डॉक्टरला भेटा. तिथं खोल पाण्यातून श्वास कोंडून वर आलं की चांगलं फुफ्फुससुद्धा फाटू शकतं.

निवृत्त_पीटी
उशिरा आलो. एकतीस वर्षं शाळेत पीटी शिकवलं, आता सकाळी भरतीची पोरं घेतो, फुकट. म्हणून चार शब्द खडे बोलतो.

एकूण ५० मार्कांचं ग्राउंड. १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५, गोळ्याला १५. गोळा ७.२६ किलोचा. या पंधरा मार्कांपायी पोरं खांदा, कंबर, मनगट सगळं घालवून घेतात, कारण शिकवणाऱ्यानं सांगितलेलं असतं "ताकद लाव". गोळा ताकदीनं जात नाही, पायातून निघून कमरेतून फिरून बोटातून सुटतो. आणि सोडताना श्वास बाहेर टाकायचा असतो. मोठे खेळाडू टाकताना ओरडतात ते उगीच नाही, घसा उघडा राहतो. आमची पोरं दात-ओठ आवळून, गाल फुगवून, डोळे बाहेर येईस्तोवर कुंथतात. मी मागं उभा राहून एकच म्हणतो, "सोड. सोड. श्वास सोड."

दुसरं. वाघ्याघेवडा, तुम्ही लिहिलंय बाळदमा होता आणि गेला. आणि पंधरा दिवस खोकला. एकदा पोराला बाजूला घेऊन नीट विचारा. माझ्याकडं दर बॅचला एक-दोन पोरं अशी असतात की खिशात दम्याचा, तोंडानं औषध ओढायचा पंप असतो आणि कुणाला दाखवत नाहीत. "पंपावर आहे" हे कळलं की बाकीची पोरं टपलीत मारतात. मग तो पंप बंद करतो, चहाच्या टपरीमागं जाऊन खोकतो आणि परत येऊन पळतो.

वाघ्याघेवडा
पीटी सर, काय लिहू. काल तुमचं वाचलं आणि रात्री त्याला गच्चीवर नेलं. आधी म्हणाला नाही नाही. मग गप्प बसला. मग खाली जाऊन बॅग घेऊन आला. बुटाच्या आत, मोज्यात गुंडाळून पंप. जून महिन्यापासून एकदाही घेतलेला नाही. दमा गेला नव्हताच, हा रोज घेत होता आणि आम्हाला वाटत होतं गेला. आईला माहीत होतं. आईनं मला सांगितलं नव्हतं, का तर मी पण चेष्टा करीन म्हणून. हे ऐकून मला जे वाटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

जूनमध्ये अकॅडमीत कुणीतरी म्हणालं, पंपवाला पोलीस कधी बघितलाय का. त्या दिवसापासून बंद.

माणदेशी_लका
लका... आमच्यात पण हाय एक. त्याला आम्ही 'पेट्रोल पंप' म्हणतो. आजपासून बंद.

आजी_ऑनलाइन
पण पंपाची सवय लागते म्हणतात ना? आमच्या शेजारची घेते दहा वर्षं, सुटतच नाही.

छातीठोक
@आजी, चष्म्याची सवय लागते का? दमा आहे तोवर पंप. औषध थेट फुफ्फुसात जातं, मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, गोळीच्या मानानं चिमूटभरही नाही. सुटत नाही ते आजार सुटत नाही म्हणून.

@वाघ्याघेवडा, मग चित्र पूर्ण झालं. दम्यात श्वासनलिका आकसतात, हवा आत जाते पण बाहेर पडताना अडकते. टोकाचे कप्पे आधीच तट्ट फुगलेले. त्यावर पंधरा दिवसांचा खोकला, त्यावर गोळा. गोळ्यानं शेवटची काडी टाकली इतकंच. परत होण्याची शक्यता एरवी फार कमी असते. पण दमा उघडा सोडला तर मी ते वाक्य तितक्या खात्रीनं म्हणणार नाही. साताऱ्याच्या डॉक्टरांना हे पंपाचं सांगा. त्यांनी विचारलं असणार आणि पोरानं "नाही" म्हटलं असणार.

वाघ्याघेवडा
तसंच झालं होतं. विचारलं तेव्हा मीच शेजारी उभा होतो ना, म्हणून बोलला नाही.

निवृत्त_पीटी
कुणी विचारलं पंपवाले पळतात का, तर सांगा, ऑलिंपिकच्या खेळाडूंतही दमेकरी असतात आणि पदकंही आणतात. दमा आटोक्यात ठेवून. मेडिकलला विचारलं तर खरं सांगायचं. खोटं बोलून वर्दी घालायची म्हणजे पहिल्याच दिवशी गुन्हा.

भडंग_स्पेशल
पत्ता कळवा. एक पिशवी भडंग पाठवतो पोराला. कातडीखाली नको, पोटात जाऊ दे.

वाघ्याघेवडा
तीन आठवडे झाले, म्हणून धागा वर काढतोय.

एक्स-रे स्वच्छ. डॉक्टरांनी दम्याची तपासणी केली, नळीत फुंकायला लावून. पंप पुन्हा सुरू, सकाळ-संध्याकाळ. हळूहळू पळायला परवानगी, गोळा अजून महिनाभर हातात घ्यायचा नाही. म्हणजे ग्राउंडला शंभर आणि सोळाशे द्यायचं आणि गोळ्याचे पंधरा मार्क पाण्यात. भाऊ चार दिवस तोंड पाडून होता. आणि काल निरोप आला, पावसानं मैदान खराब झालंय, तारीख पुढं ढकलली. नवी तारीख अजून नाही. मी कधी पावसाला इतका दुवा दिला नव्हता. घेवडा पार झोपलाय, पण त्याचं नंतर बघू.

आई अजून रोज सकाळी चहा देताना त्याच्या मानेवर बोट दाबून बघते. "वाजत नाही गं आता," तो म्हणतो. "गप. ऐकू दे."

कंदीपेढा
ऑक्सिजनचं बिल येतं, पावसाचं येत नाही. @हिशेबनीस, नोंद घ्या.

हिशेबनीस
घेवड्याचं नुकसान धरा की त्यात.

गुलालाचा_राजा
नवीन सभासद आहे. धागा शोधताना सापडला, सगळा वाचला. मलाही काल रात्रीपासून छातीत मधोमध दाबल्यासारखं होतंय. वय ४४. काल मिरवणुकीत लई ओरडलो आणि ढोल पण उचलला, त्यामुळं ही तुम्ही म्हणता ती हवाच असणार. नाहीतर गॅस. मान फुगलेली नाही. डावा खांदा जड आहे, ढोलामुळं असेल. घाम येतोय जरा. किती दिवस पडून राहावं लागेल?

छातीठोक
@गुलालाचा_राजा, हवा नाही, गॅस नाही, काही ठरवू नका. फोन ठेवा आणि ईसीजी काढायला निघा. आत्ता. गाडी स्वतः चालवू नका. घरात कुणी नसेल तर १०८ लावा. इथं उत्तर देऊ नका.

कृष्णामाई
गेले का ते?

कंदीपेढा
ऑफलाइन दिसतायत.

छातीठोक
बरं झालं.